बारसं लांबलं तर लांबू दे

अगं, आधी तो जन्मदाखल्याचा धसका मनातून काढून टाक. नाव ठरलं नाही म्हणून कुणाची नोंद अडत नाही. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. ते दवाखान्याकडून होतं, आणि नावाचा रकाना कोरा ठेवूनही होतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच ही सोय आहे. नोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांत नाव घातलंत तर एक पैसा लागत नाही. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तेव्हा तुझ्या नणंदेची रजा शनिवारी संपतेय ही तिच्या ऑफिसची अडचण झाली, तुझ्या लेकीची नाही.

भीती धरायचीच तर घाईत घातलेल्या नावाची धर. कोरा रकाना भरणं सोपं असतं, भरलेला बदलणं महाकटकटीचं. प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापून आणा, मग एकेका कार्यालयाच्या खिडकीशी ते राजपत्र दाखवत फिरा. आधार कार्डावरचं नाव तर जन्मात दोनदाच बदलू देतात. त्यातून १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच मूळ कागद झालाय. शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट, पुढे लग्नाची नोंद, सगळीकडे तोच मागणार. असा कागद तू रात्री तीनला दूध पाजताना, डोळ्यांत झोप आणि मनात नवऱ्याचा राग असताना ठरवू नयेस, एवढंच माझं म्हणणं. बारसं बाराव्या दिवशी झालं नाही तर सव्वा महिन्याने करा, तिसऱ्या महिन्यात करा. घुगऱ्या तेव्हाही शिजतात.

आता मुद्द्याचं. तुला लेकीचं नाव ओंजळ ठेवायचंय आणि तुझ्या नवऱ्याला कियारा. फोनवर तू म्हणालीस, "ताई, तूच सांग कुठलं चांगलं." ते मी सांगणार नाही. मला एक नाव जास्त आवडलंय आणि ते कुठलं ते तुला कळलेलंच आहे, पण माझं मत या भांडणात तुझ्या बाजूचं एक मत म्हणून मोजलं जाईल. मग तो त्याच्या बहिणीचं आणेल, तू आईचं आणशील, तो त्याच्या आईचं. ग्रामपंचायतीची निवडणूक होईल आणि पोरगी पाळण्यात झोपलेली असेल.

परवा त्याचाही फोन आला होता मला. तुला सांगितलं नसेल त्याने. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "ताई, ओंजळ वाईट नाहीये हो. पण शाळेत काय होतं ते मला माहितीये." तुला आठवतंय ना त्याचं स्वतःचं नाव कुणाचं आहे? पणजोबांचं. घराण्याचं नाव पुढे चालावं म्हणून ठेवलेलं. त्या नावावरून तो शाळेत चिडवला गेला, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये तर त्याच्या नावाला चालीच लावल्या होत्या पोरांनी. आजही नवीन ठिकाणी ओळख करून देताना तो आडनाव आधी सांगतो, लक्ष दिलंस तर तुझ्याही ध्यानात येईल. त्याला कियारा फिल्मी म्हणून आवडलेलं नाही. लेकीला कुणी दोनदा विचारू नये, "काय म्हणालीस?", म्हणून आवडलंय. हे त्याने तुला नीट सांगितलं नसणार. पुरुषांना शाळेतलं रडणं बायकोला सांगायची लाज वाटते.

आणि तुझं काय आहे ते त्याला तरी कुठे माहीत आहे? आपली आई. ताटात तांदूळ पसरून, सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, लग्नाच्या मांडवात, सगळ्यांच्या देखत. त्या पिढीत हे इतकं सर्रास होतं की कुणाला खटकलंच नाही. वीस-बावीस वर्षं कुसुम म्हणून वावरलेली मुलगी संध्याकाळपर्यंत वैशाली व्हायची, आणि आपल्याला हाक मारली जातेय हे कळायलाच तिला पुढचे कित्येक महिने लागायचे. आईच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. आजीच्या वाटणीचे कागद झाले तेव्हा "या दोन्ही नावांची बाई एकच" असं तिला लिहून द्यावं लागलं, ते मी पाहिलंय. तू तेव्हा लहान होतीस, पण ऐकत ऐकतच मोठी झालीस. म्हणून तुझ्या पोटात कुठेतरी बसलंय की माझ्या घरात बाईमाणसाचं नाव सासरची मंडळी ठरवणार नाहीत. मला ते शंभर टक्के पटतं. पण तो राग त्या तांदळाच्या ताटावरचा आहे, कियारावरचा नाही. तुझा नवरा तर बिचारा तुझं नाव बदलायला निघालेल्या त्याच्या मावशीला मांडवात आडवा गेला होता.

मला विचारशील तर नावावरून भांडणारी बहुतेक जोडपी नावावरून भांडत नसतात. तुला दोन खटले सांगते. घाबरवायला नाही, गंमत बघ.

केरळ उच्च न्यायालयात २०२३ साली असं एक प्रकरण गेलं. नवरा-बायको वेगळे राहत होते, मुलीच्या दाखल्यावर नावच नव्हतं आणि बिननावाचा दाखला शाळा घेईना. आई नाव नोंदवायला गेली तर तिथे म्हणाले दोघांनीही या, आणि दोघांचं काही एक होईना. शेवटी न्यायमूर्तींनी पालकाची भूमिका स्वतःकडे घेतली आणि नाव ठरवून दिलं. आईने निवडलेलं नाव, त्यापुढे वडिलांचं नाव. इथे पाहायचं ते मुलीचं हित, आई-बापाचे हक्क नव्हेत, असं निकालात आहे.

दुसरं कर्नाटकातलं, म्हैसूरजवळच्या हुणसूरचं, डिसेंबर २०२४ मधलं. मुलाच्या नावावरून तीन वर्षं धुमसत होतं, प्रकरण पोटगीच्या दाव्यापर्यंत गेलं. न्यायाधीशांनी दोघांना समोर बसवून स्वतःच काही नावं सुचवली. त्यातल्या एकावर दोघांनीही मान डोलावली आणि तिथेच एकमेकांना हार घातले.

आता या दुसऱ्यात काय झालं ते बघ. तीन वर्षं बायकोचं नाव नवऱ्याला चालत नव्हतं, नवऱ्याचं बायकोला चालत नव्हतं, आणि काळा कोट घातलेल्या तिऱ्हाइताने सांगितलेलं पाच मिनिटांत चाललं! त्या नावात असं काय होतं? काही नाही. ते समोरच्याचं नव्हतं, बस. म्हणून तू आधी स्वतःला विचार की कियारा हे नाव तुझ्या आवडत्या मैत्रिणीने सुचवलं असतं तर तुझं नाक इतकंच मुरडलं असतं का. खरं उत्तर मला नको सांगूस, तुझ्याजवळच ठेव.

फिल्मी म्हणून ते नाव उडवून लावू नकोस, हेही सांगते. त्या नावाची जी नटी आहे, ती जन्माची कियारा नाहीच, आलिया होती. २०१० सालच्या 'अंजाना अंजानी'तल्या नायिकेचं नाव तिने स्वतःला घेतलं. पण आपल्याकडे हे नवीन थोडंच आहे? लता मंगेशकरांचं पाळण्यातलं नाव हेमा, आणि लता हे नाव आलं ते वडिलांच्या रंगभूमीवरून, 'भावबंधन'मधल्या लतिकेवरून. सचिन तेंडुलकरचे वडील मराठीचे प्राध्यापक, कवी. त्यांनी मुलाला नाव दिलं ते सचिन देव बर्मन यांच्यावरून. गावसकरांनी तर एका मुलात तीन क्रिकेटपटू बसवले. रोहन जयविश्व, म्हणजे रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ. कौतुकातून आलेल्या नावाला नाट्यसंगीताचा वास आला तर ते सुसंस्कृत आणि पॉपकॉर्नचा आला तर उथळ, हा आपला ब्राह्मणी नखरा आहे झालं.

तसंच ओंजळ विचित्र आहे, असं कुणी म्हणालं तर त्याच्यापुढे इरावती कर्व्यांचं नाव ठेव. १९०५ साली त्या ब्रह्मदेशात जन्मल्या आणि वडिलांनी तिथल्या नदीचं नाव लेकीला दिलं. कोकणातल्या कुटुंबातली मुलगी आणि नाव इरावती! यमुना, गोदावरी, कृष्णा असताना ही कुठली नदी आणली, असं त्या काळी कुणीतरी म्हटलंच असेल. आज ते नाव ऐकलं की आपल्याला 'युगान्त' आठवतं आणि वाटतं किती भारदस्त, किती जुनं. नावाचा वेगळेपणा पंधरा-वीस वर्षांत झिजतो. आपण शाळेत होतो तेव्हा सई, जुई, मुक्ता, रेवा यांच्याकडे लोक वळून बघायचे. आता एका वर्गात तीन-तीन सई असतात.

पण तुझ्या नवऱ्याचा मुद्दा इतका हलका नाहीये, की इरावतीबाईंना पुढे केलं आणि संपला. पंधरा-वीस वर्षांनी झिजणाऱ्या वेगळेपणाची पहिली दहा वर्षं त्या पोरीला एकटीने काढायची असतात. तेव्हा ओंजळ जरा उन्हात धरून बघ. माझ्यासमोर नको, अनोळखी माणसांसमोर. कुरिअरवाल्याला फोनवर सांग, "ओंजळच्या नावाने पार्सल आहे." तो "अंजली मॅडम का?" म्हणेल. दहापैकी आठ जण अंजली म्हणतील, लिहून घे. तुला त्याचं हसू येतंय की चीड, ते बघ, कारण हे तिच्या आयुष्यात रोज होणार आहे. मग हिंदीत ऐक, तिथे ळ नाही, ओंजल होईल. मग इंग्रजी स्पेलिंग लिही आणि एखाद्या अमराठी मैत्रिणीला मोठ्याने वाचायला सांग. मग गॅलरीत उभी राहून खालच्या मैदानाकडे बघत हाक मार, संध्याकाळी सातला, जेवायला बोलावताना मारतात तशी. ओंजळ हाकेला जड जातं, असं मला वाटतं. शेवटी स्वर नाही, ओढता येत नाही. पण तुझा गळा माझ्यापेक्षा चांगला आहे, तू बघ.

कियारालाही याच परीक्षेला बसव, सूट देऊ नकोस. ते कुरिअरवाल्याला एकदम कळेल. पण बालवाडीत बाईंनी "कियारा" म्हटल्यावर किती माना वर होतील? तिच्याबरोबर कियान, कियांश, मायरा, शनाया बसलेले असतीलच. मग ती कियारा पी. आणि कियारा एस. होऊन वावरणार. त्याला हे दाखव, पण टोमणा न मारता.

पूर्ण नाव एका ओळीत लिहूनही वाचा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव आपल्या राज्यात सरकारी कागदांवर कसं लिहायचं ते ठरलंय. मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तुझं नाव आता तिच्या नावाला चिकटून येणार आहे. मला तर हे वाचून फार बरं वाटलं होतं. नावावर तुझा शिक्का हवाय ना तुला? तो सरकारी नियमानेच बसलाय, त्यासाठी पहिल्या शब्दावर इतकं अडून राहायची गरज उरलेली नाही. (आईला हे सांगितलं तर ती अर्धा तास गप्प बसली, मग म्हणाली, "कुठलं नाव लिहायचं पण माझं?")

आडनाव गाळायचं तुमच्या मनात आहे, त्यावर दोघांचं एकमत आहे आणि त्यामागचा जातीचा विचारही मला पटतो. फक्त पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात काहीतरी असू दे, तुझं नाव घाला, त्याचं घाला. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा नाकारायला सुरुवात केली होती. नंतर वडिलांचं नाव आत असेल तर चालेल, असं सैल केलं, पण त्या काही दिवसांत लोकांची व्हायची ती तारांबळ झालीच. त्याला दुबईची नोकरी खुणावतेय म्हणून सांगितलं.

स्पेलिंगचं वेगळंच प्रकरण असतं. ऋ आणि ज्ञ पासून सुरू होणारं काही निघालं, तर आधी थांबा. आपण ऋतुजा आर-यू लिहितो, बाहेरचे आर-आय लिहितात. ज्ञानेश्वरीचं आपण डी-एन-वाय-ए करतो आणि दिल्लीतला माणूस तिला डन्यानेश्वरी म्हणतो. ठेवू नका असं नाही, पण जे स्पेलिंग ठरेल ते एका कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा आणि सगळीकडे तेच घाला. आणि त्याच्या त्या आतेभावाने अंकशास्त्रावरून एक जादा ए घालायला सांगितलाय ना, त्याला म्हणावं तुझ्या नावात दोन आहेत, काय दिवे लागलेत ते दिसतंच आहे. नाही, असं म्हणू नकोस. मनात म्हण.

सासूबाईंचं मात्र प्रेमाने घे. त्यांना नावरस हवा आहे आणि पोरगी जन्मली हस्त नक्षत्राच्या चौथ्या चरणावर, म्हणजे अक्षर आलं ठ. ठ वरून मलाही ठकीशिवाय काही सुचत नाही. ती लाकडाची ठकी डोळ्यासमोर येते. पण त्यांच्याशी शास्त्राविरुद्ध भांडू नकोस, शास्त्र तुझ्याच बाजूचं आहे. 'धर्मसिंधु'त नावाचे चार प्रकार दिलेत. देवतेवरचं, महिन्यावरचं, नक्षत्रावरचं आणि व्यवहारातलं. नक्षत्रनाव आणि व्यवहारनाव एकच असलं पाहिजे, असं त्या बिचाऱ्या ग्रंथाचं म्हणणंच नाही. आणि अक्षरांचं म्हणशील तर २७ नक्षत्रांचे चार-चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं भरताना त्या कोष्टकात ङ, ञ, ण सुद्धा आलेत. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ आहे, आता ठेव बरं नाव! मग ज्योतिषवाल्यांनीच तोड काढली की अशा वेळी अनुक्रमे ग, ज, ड धरावेत. म्हणजे अडलं की वाट काढायची ही परंपराच आहे. पाळण्यात नक्षत्रनाव म्हणून ठ चं काहीही ठेवू दे त्यांना, तू हात जोड. त्यांना खरं हवंय ते त्यांना विचारलं गेलं, एवढं. ते त्यांना दे. नावाचा अधिकार नको देऊस.

नणंदेला तर नक्कीच दुखवू नकोस. बारशात आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि त्याबद्दल पाठीत धपाटे खाते, तेवढा तिचा मान. नाव ठरवण्याचा मान तिला कधीच नव्हता, पण ते तिला आत्ता समजावत बसू नकोस. तिला सांग, नाव ठरलं की सगळ्यांत आधी तुलाच कळेल, कारण ते तूच सांगायचंयस.

मधली वाट म्हणून दोन गोष्टी लोक सुचवतील, दोन्ही मला फारशा आवडत नाहीत. एक म्हणजे तुझ्या नावाची दोन अक्षरं, त्याच्या नावाची दोन, आणि झालं नाव. ही असली जोडनावं गोधडीसारखी असतात, शिवणाऱ्याला प्रत्येक तुकड्याची आठवण असते, पांघरणाऱ्याला नुसत्या शिवणी टोचतात. दुसरं म्हणजे घरी ओंजळ, शाळेत कियारा. याला मी एरवी कधी नाही म्हणणार नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात बाळू, बंड्या, चिंगी, ताई असतात आणि कागदावर भलतंच असतं. कुसुमाग्रज जन्मले गजानन म्हणून, दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले, लिहायला लागले ते तिसऱ्याच नावाने. तीन नावं घेऊन माणूस ज्ञानपीठापर्यंत गेला. दोन नावांनी पोरगी काही बावरत नाही. पण तुमच्या घरात ती दोन नावं दोन पक्षांची होतील. तू कधी कियारा म्हणणार नाहीस, तो कधी ओंजळ म्हणणार नाही, आणि तीन वर्षांची झाली की तिला कळेल की आईला खूश करायचं तर या नावाला ओ द्यायची आणि बाबाला तर त्या. पोरं फार हुशार असतात गं. टोपणनाव लाडातून आलेलं असावं, तहातून आलेलं नको.

आईबापाच्या मनातलं पोरीच्या नावावर लादलं की काय होतं, ते पाहायला आपल्याला लांब जायला नको. साताऱ्यात २०११ साली पावणेतीनशेच्या वर मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली. त्यांची आधीची नावं काय होती माहीत आहे ना? नकोशी. आईबापाला मुलगा हवा होता, झाली मुलगी, तो राग तिच्या नावात. त्या मुलींनी स्वतःच्या आवडीची नवी नावं घेतली. तुमचं तसलं काही नाही, तुमच्या दोघांचंही प्रेमच उतू चाललंय. तरी "मी जिंकले" हेसुद्धा नावावर घालायचं ओझं नाही.

मग आता करायचं काय, ते ऐक. शनिवारपर्यंत या विषयावर बोलायचं नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कौल तर अजिबात मागायचा नाही, मागितला असशील तर ग्रुप म्यूट कर. कुणी विचारलं तर "ठरतंय" म्हणायचं आणि लाडू पुढे करायचा. शनिवारी नणंदेची गाडी सुटली, पोरगी झोपली, की दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून आपापली यादी करायची. दहा-बारा नावं. ओंजळ आणि कियारा दोन्ही त्यात नकोत. हो, तुझं पण नको. ती दोन नावं आता इतकी लढलीत की कुठलंही जिंकलं तरी दुसऱ्याला ते ऐकताना शनिवार आठवणार. महिनाभराने यादीत परत यावंसं वाटलं तर येऊ दे, तेव्हा त्यांच्या अंगावरचा घाम वाळलेला असेल.

मग याद्यांची अदलाबदल. त्याच्या यादीतलं जे नाव तुला मोठ्याने हाक मारायला जीभ रेटणार नाही, ते खोड. कारण द्यायचं नाही. "ही माझी शाळेतली दुष्मन होती" हेही नाही, "हे काय डाऊनमार्केट" हेही नाही. तोही तसंच करेल. विचारायचं नाही का खोडलंस, आणि तोंड पाडायचं नाही. नकार देण्याचा हक्क दोघांनाही सारखा, लादण्याचा कुणालाच नाही. उरलेल्यांपैकी प्रत्येक नावाने पोरीला एकेक दिवस हाक मारा. खरंच मारा, अंघोळ घालताना, शी-शूचे कपडे बदलताना, रात्री ती ढेकर काढत नाही तेव्हा. कागदावर सुरेख दिसणारं नाव रात्री दोनला टिकत नाही. त्याच्या तोंडून जे नाव आपसूक येईल आणि ऐकून तू दचकणार नाहीस, ते बाजूला काढ.

त्याच्याशी एकदा त्याच्या नावाबद्दल बोल. शाळेतलं विचार. मी सांगितलं म्हणू नकोस, नाहीतर पुन्हा मला फोन करणार नाही तो. आणि तू त्याला तांदळाच्या ताटाचं सांग. हे याद्यांच्या आधी झालं तर फारच बरं.

शनिवारी झालं की फोन कर. उरलेली नावं मला सांगू नकोस, दोघांनी एकमेकांची किती खोडली तेवढं सांग. आणि आईला तर काहीच सांगू नकोस. तिला अर्धं नाव जरी कळलं तरी ती त्यावर चांदीचा वाळा कोरून आणेल, आणि मग तो सोनार परत घेणार नाही.